पाणमोट फुटली की घड्याळ बघा
(दिवस भरत आल्यावर गर्भजलाला होणारा जंतुसंसर्ग)



दिवस भरत आलेल्या बाईचे पाणी गेले की आपल्या वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "कळा कुठे सुरू झाल्यात अजून? कळा आल्या की नेऊ दवाखान्यात." बोलणाऱ्या सासूचा किंवा आईचा हेतू चांगलाच असतो. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात तसेच झालेले असते आणि सगळे सुखरूप पार पडलेले असते. पण त्या एका वाक्यापायी काही घरांत आईचा किंवा बाळाचा जीव धोक्यात येतो. कळा असोत वा नसोत, पाणी गेल्यापासूनचा प्रत्येक तास मोजायचा असतो. हा पाठ त्या तासांविषयी आहे. सुदुंबरे, इंदोरी, तळेगाव, देहूरोड, चाकण या पट्ट्यातल्या विहारांत तो मोठ्याने वाचून दाखवावा. आणि तो फक्त बायकांसाठी आहे असे समजून पुरुषांनी उठून जाऊ नये.

पाणमोट म्हणजे काय?

पोटातले बाळ एका पातळ पिशवीत, पाण्यात तरंगत असते. या पिशवीला आपण पाणमोट म्हणतो आणि आतल्या पाण्याला गर्भजल. शेवटच्या महिन्यांत हे पाणी साधारण पाऊण ते एक लिटर असते. या पाण्यामुळे बाळाला धक्का लागत नाही, हातपाय हलवायला जागा मिळते, फुप्फुसे वाढतात. पाणमोट हे एक कुंपणही आहे. गर्भाशयाच्या तोंडाशी घट्ट चिकट स्रावाचे बूच असते आणि त्याच्या आत पाणमोटेचे दोन पदर असतात. बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत, अशी ही शरीराची व्यवस्था आहे.

या पाण्याला, पाणमोटेच्या पदरांना किंवा वारेला जंतूंचा संसर्ग झाला की त्याला डॉक्टर 'कोरिओअ‍ॅम्निओनायटिस' म्हणतात. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. "पाण्याला इन्फेक्शन झाले" एवढे कळले तरी पुरे. दर शंभर बाळंतपणांत साधारण एक ते चार जणींना हा त्रास होतो. दिवस पूर्ण भरण्याआधी पाणमोट फुटली तर हे प्रमाण बरेच जास्त असते.

जंतू आत कसे शिरतात?

बहुतेक वेळा हे जंतू बाहेरच्या कोणाकडून आलेले नसतात. योनीमार्गात आणि शौचाच्या जागेजवळ एरवीही राहणारे जंतू वर चढतात. पाणमोट फुटली की कुंपण मोडते आणि त्यांना वाट मोकळी होते. त्यामुळे पाणी जाणे आणि बाळ होणे यांत जितके तास जास्त, तितका धोका जास्त. १८ तासांपेक्षा जास्त वेळ गेला तर बाळालाही जंतुसंसर्गाचा धोका आहे असे धरून डॉक्टर त्याच्यावर लक्ष ठेवतात.

कधी कधी उलटेही घडते. जंतू आधी वर चढतात, पाणमोटेचे पदर त्यांच्यामुळे कमजोर होतात आणि मग ती वेळेआधी फुटते. सातव्या-आठव्या महिन्यात कारण नसताना पाणी गेले, तर त्यामागे असा लपलेला संसर्ग असू शकतो. अशा वेळी सुरुवातीला ताप असेलच असे नाही.

तिसरी वाट हातांची आहे. पाणी गेल्यावर वारंवार आतून तपासणी झाली की जंतू वर ढकलले जातात. हातांचे महत्त्व जगाला कळले ते मोठी किंमत मोजून. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिले की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात आणि त्यांच्या विभागात बाळंतिणी तापाने जास्त मरतात. त्याने सर्वांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. तेव्हा जंतूंचे शास्त्र तयारही झाले नव्हते. त्याने डोळ्यांनी पाहिले, तुलना केली आणि कारण शोधले. म्हणून सुईणीने किंवा घरातल्या कोणीही आत हात घालून "बघू किती उघडलंय" असे करू नये. दवाखान्यातही तपासणाऱ्याने हात धुऊन नवे हातमोजे घातले आहेत का, हे नम्रपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

धोका कोणाला जास्त?

• दिवस भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत, जिची पाणमोट फुटली तिला.
• पाणी जाऊन बराच वेळ झाला, किंवा कळा फार लांबल्या तिला. पहिलटकरणीत हे जास्त होते.
• जिला लघवीचा संसर्ग आहे. गरोदरपणात तो जळजळ न होताही असू शकतो, म्हणून लघवीची तपासणी चुकवू नये.
• जिच्या अंगावरून घाण वासाचे, हिरवट-पिवळे पाणी जाते किंवा खाज सुटते तिला. थोडे पातळ, बिनवासाचे पांढरे जाणे गरोदरपणात नेहमीचे आहे. वास आला, रंग बदलला की दाखवावे. लैंगिक संबंधातून लागलेला आजार असेल तर नवऱ्यानेही औषध घ्यायचे असते. एकटीने घेऊन उपयोग नाही.
• जी मिश्री लावते किंवा तंबाखू खाते तिला. मिश्री-तंबाखूने बाळ कमी दिवसांचे आणि कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. "मिश्रीने पोट साफ होतं" ही सवयीची सबब आहे.

पाणी, लघवी की पांढरे?

पाणी नेहमी धबधब्यासारखे जात नाही. कित्येकींचे थेंब थेंब झिरपते आणि त्यांना वाटते की लघवी सुटते आहे. ओळखण्याची सोपी रीत अशी : लघवी करून या, स्वच्छ धुतलेला, उन्हात वाळवलेला पांढरा सुती कपडा किंवा पॅड लावा आणि थोडा वेळ आडवे पडून मग उभे राहा. उठताना, खोकताना पुन्हा ओले झाले, अडवायचे म्हटले तरी अडले नाही, लघवीचा वास नाही, तर ते गर्भजल असण्याची शक्यता मोठी. यात अर्धा-एक तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका. शंका राहिली तरी दवाखान्यात जा. "उगाच आलात" असे कोणी म्हटले तर ऐकून घ्या. उगाच जाण्याने काही बिघडत नाही, उशिरा जाण्याने बिघडते.

पाणी हिरवट किंवा काळपट असेल तर बाळाने पोटात शी केलेली असू शकते. लाल असेल तर रक्तस्राव आहे. दोन्ही वेळा थांबायचे नाही. पाण्याबरोबर नाळ बाहेर आलेली दिसली किंवा लागली, तर ती आत ढकलू नका. बाईला गुडघे आणि छाती टेकवून, कंबर वर राहील असे ठेवा आणि तत्काळ १०८ ला फोन करा.

संसर्गाच्या खुणा

१. अंगात ताप, ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, थंडी वाजणे.
२. आईची नाडी मिनिटाला १०० च्या वर. छातीत धडधड.
३. कळ नसतानाही ओटीपोट दुखणे, हात लावला तरी कळवळणे.
४. पाण्याला किंवा स्रावाला घाण वास, पुवासारखा रंग.
५. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १६० च्या वर. हे दवाखान्यात कळते. घरी कळते ते बाळाचे हलणे कमी होणे.

यातली एक खूण दिसली तरी निघायचे. पाचही दिसण्याची वाट पाहायची नाही. आणि पाणी गेले असेल तर एकही खूण नसताना निघायचे, हे या पाठाचे सार आहे. दिवस पूर्ण भरलेल्या दर शंभर गरोदर बायकांपैकी साधारण आठ जणींची पाणमोट कळांआधी फुटते. त्यातल्या बहुतेकींना चोवीस तासांत आपोआप कळा सुरू होतात आणि बाळंतपण नीट होते. म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण आपण त्या बहुतेकींपैकी आहोत की नाही, हे घरी बसून कळत नाही.

पाणी गेले, आता काय?

• घड्याळ बघा. वेळ गरोदरपणाच्या कार्डावर किंवा मोबाइलवर लिहून ठेवा. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच विचारतात.
• आशाताईंना आणि १०८ किंवा १०२ ला फोन करा. दोन्ही गाड्यांना पैसे लागत नाहीत.
• स्वच्छ पॅड लावा. त्याचा रंग आणि वास डॉक्टरांना सांगा.
• आत बोट, कापूस, औषध, तेल काहीही घालू नका. आतून धुऊ नका. संबंध टाळा.
• मेडिकलमधून तापाची किंवा अँटिबायोटिकची गोळी आणून घरी बसू नका. ताप उतरतो, जंतू तसेच राहतात आणि डॉक्टरांना खरी स्थिती कळत नाही.
• घरी कळांचे इंजेक्शन कोणालाही देऊ देऊ नका. त्याने गर्भाशय फाटू शकते.
• गाडीत डाव्या कुशीवर झोपवा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते. सुदुंबऱ्याच्या एका अंगाला तळेगाव, दुसऱ्या अंगाला चाकण. तळेगाव-चाकण रस्ता गाड्यांनी तुंबला की दहा मिनिटांच्या वाटेला तास लागतो. म्हणून वाटेतला तो तासही मोजणीत धरा. जवळच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण होते का, रात्री डॉक्टर असतात का, हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. दिवस भरण्याआधी पाणी गेले असेल, तर कमी दिवसांच्या बाळाची सोय असलेले मोठे रुग्णालय लागते : पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय, पुण्याचे ससून. कोठे न्यायचे हे १०८ च्या डॉक्टरांना विचारून ठरवा, म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात वेळ जाणार नाही.

दवाखान्यात काय करतात?

संसर्गाची शंका आली की शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. बहुधा अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी असते. ही जुनी, सरकारी दवाखान्यात मिळणारी औषधे आहेत. एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. दुसरा उपचार म्हणजे बाळंतपण. जंतूंचे घर झालेली पाणमोट आणि वार आत असेपर्यंत नुसत्या औषधाने संसर्ग जात नाही, म्हणून कळा वाढवण्याचे औषध सलाईनमधून देतात.

येथे एक गैरसमज दूर करू. पाण्याला संसर्ग झाला म्हणजे सिझेरियन करावेच लागते, असे नाही. बाळाचे ठोके बिघडले, बाळ आडवे आहे, कळा पुढे सरकत नाहीत, अशी वेगळी कारणे असली तर सिझेरियन करतात. कोणी लगेच ऑपरेशन सांगितले तर "कारण काय?" असे शांतपणे विचारा. कारण खरे असेल तर मात्र सही करायला वेळ लावू नका.

दिवस भरायचे असताना पाणी गेले आणि संसर्गाच्या खुणा नसतील, तर डॉक्टर काही दिवस भरती ठेवून वाट पाहू शकतात. संसर्ग टाळायला अँटिबायोटिक देतात आणि बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. "काहीच करत नाहीत, नुसतं झोपवून ठेवलंय" म्हणून तिला घरी आणू नका. त्या झोपवून ठेवण्यात बाळाचे दिवस वाढत असतात.

संसर्ग झालेल्या बाईचे गर्भाशय बाळंतपणानंतर नीट आकसत नाही, त्यामुळे जास्त रक्त जाऊ शकते. म्हणून रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी बाळंतपण व्हावे. घरी आल्यावर पुन्हा ताप, घाण वासाचा स्राव, पोटात दुखणे किंवा खूप रक्त जाणे असे काही झाले तर त्याच दिवशी परत जावे.

बाळाकडे लक्ष

आईच्या पाण्यातले जंतू बाळाच्या फुप्फुसांत, रक्तात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातात. जन्मल्यावर बाळ चांगले दिसले तरी पहिले काही दिवस सावध राहावे. बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडते, अंग गार किंवा फार गरम लागते, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, बेंबीभोवती पू दिसतो, यांपैकी काहीही झाले तर बाळाला कपड्यात गुंडाळून, छातीशी धरून दवाखाना गाठावा. दृष्ट काढत, बेंबीवर राख लावत बसू नये.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येतात. या भेटींमागे आपल्याच महाराष्ट्रातले काम आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले होते. थोडे शिकलेली गावची बाई हे करू शकली, तर आपल्या वस्तीतली मुलगी का नाही करणार?

लाज आणि विटाळ

याच दांपत्याने गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या गप्प होत्या. "अंगावरून जातं" हे नवऱ्याला सांगायचे नाही, डॉक्टर पुरुष असेल तर त्याला सांगायचे नाही, अशी ही लाज आहे. आणि लाजेच्या मुळाशी विटाळ आहे.

विटाळाचा अर्थ आपल्याइतका कोणाला कळणार? माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे सांगणाऱ्यांनीच बाळंतीण बाटलेली असते असे सांगितले. अजूनही काही घरांत तिला अंधाऱ्या कोपऱ्यात, जुनी फडकी देऊन बसवतात. जंतूंना याहून चांगली जागा कोणती? बाळंतिणीला उजेड, हवा, साबण, धुऊन उन्हात वाळवलेले कपडे आणि पोटभर जेवण लागते. तथागतांनी आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुऊन स्वच्छ केले होते. आपण त्या परंपरेचे आहोत.

पाण्याला झालेला संसर्ग ग्रहण पाहिल्याने, कोणाच्या नजरेने किंवा बाईच्या पायगुणाने होत नाही. कालामांना भगवंतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, तपासून पाहा. बाळ गेले म्हणून आईला दोष देणारी जीभ आवरली पाहिजे. रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला १९२६ साली. ते दुःख ज्या समाजाने वाहिले, त्याने आज हातात असलेला उपाय वेळेवर वापरायलाच हवा.

हक्काच्या गोष्टी

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यातल्या स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ देणारे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला. आजच्या कायद्याने पात्र कामगार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. चाकण-तळेगावच्या कंपन्यांत कंत्राटावर उभ्याने काम करणाऱ्या कितीतरी मुलींना हे माहीतही नसते. "शिफ्ट संपू दे, मग बघू" म्हणत ओल्या कपड्याने लाइनवर उभी राहणारी मुलगी आपल्यातलीच असते. पाणी गेले की शिफ्ट सोडायची, मागचे आपण सगळे मिळून पाहू.

२०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, नेण्या-आणण्याची गाडी हे सगळे मोफत आहे. आजारी तान्ह्या बाळाचे उपचारही त्यात येतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तेव्हा लघवीची तपासणी आणि अंगावरून जाण्याची तक्रार दोन्ही उरकून घ्यावी.

विहारातून काय करता येईल?

बाबासाहेबांचे तळेगावातले घर आपल्या शेजारी आहे. देहूरोडच्या विहारात त्यांनी स्वतः २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. अशा भूमीतल्या विहारांनी हे एवढे जरूर करावे :

• वस्तीतल्या सातव्या महिन्यापुढच्या बायकांची यादी महिला मंडळाने ठेवावी. भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्या जोडप्यांची नावे आधी घ्यावीत. त्यांच्या घरी सांगणारे मोठे माणूस नसते.
• रात्री गाडी काढू शकतील अशा दोन-तीन तरुणांचे नंबर विहाराच्या फलकावर लिहावेत.
• एक थर्मामीटर विहारात ठेवावे आणि ते बघायला चार जणींना शिकवावे.

पाठ पक्का करण्यासाठी वाचनानंतर हे प्रश्न विचारावेत :

१. पाणी गेले, पण कळा नाहीत. काय कराल?
२. पाणी आणि लघवी यांतला फरक कसा ओळखाल?
३. तापाची गोळी देऊन घरी का ठेवू नये?
४. संसर्ग झाला म्हणजे सिझेरियन लागतेच का?
५. बाळाच्या धोक्याच्या कोणत्याही चार खुणा सांगा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "घड्याळ बघू आणि निघू" असे सासू, सून आणि मुलगा तिघांनीही एका सुरात दिले, तर पाठ झाला असे समजावे.

नमो बुद्धाय! जय भीम!